तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीत एकाच अर्थाचे तीन-तीन शब्द कशाला?

मी इंग्रजी शिकवते, मोठ्या माणसांना, नोकरी करणाऱ्यांना, आणि दर बॅचला कोणीतरी विचारतंच की मॅडम, ‘आस्क’ आहे ना, मग ‘क्वेश्चन’ कशाला आणि वर ‘इंटरॉगेट’ कशाला, पाठ करून करून जीव जातो. क्लासमध्ये मी ‘नंतर सांगते’ म्हणून टाळते, कारण हा विषय निघाला की तास गेलाच. आता एकदाचं लिहूनच टाकते.

तर, हे तिघं वेगवेगळ्या वेळी आलेत आणि नवा आला म्हणून जुन्याला कोणी हाकललं नाही. ‘आस्क’ घरचा, अँग्लो-सॅक्सन लोकांचा, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या रहिवाशांचा. ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून, १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि दरबार-कोर्ट सगळं फ्रेंच बोलायला लागलं, त्या ओघात. ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधून, पुस्तकी मंडळींनी आणलेला. म्हणून आई आस्क करते, वकील क्वेश्चन करतो आणि पोलीस इंटरॉगेट करतात. जेवढा शब्द वरच्या लोकांकडून आलेला तेवढी त्याला इस्त्री कडक.

(गोठ्यात ‘काऊ’ आणि ताटात ‘बीफ’, कारण गाय इंग्रज पाळायचा आणि फ्रेंच मालक खायचा, ही गोष्ट तुम्ही वाचली असेलच. बरीचशी खरी आहे, पण एवढी नीटनेटकी नाही, शेक्सपिअरच्या काळातसुद्धा जिवंत जनावराला बीफ म्हणायचे.)

पण मला विचाराल तर फ्रेंचपेक्षा व्हायकिंग लोकांचा, म्हणजे नॉर्वे-डेन्मार्ककडून आलेल्या दर्यावर्दी लुटारूंचा, किस्सा भारी आहे. ७९३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला त्यांनी, तिथून धाडी सुरू, आणि मग त्यातले बरेच जण उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये राहिलेच, शेती केली, लग्नं केली. त्यांच्याकडून इंग्रजीनं काय घेतलं? स्काय, नाइफ, विंडो, एग. आणि दे, देम, देअर! नव्या वस्तूबरोबर तिचं नाव कोणतीही भाषा घेते, पण सर्वनामं उसनी घ्यायची म्हणजे शेजार किती जवळचा असेल बघा.

त्या ‘एग’ची गंमत कॅक्स्टननं लिहून ठेवलीय. विल्यम कॅक्स्टन म्हणजे इंग्लंडमधला पहिला छापखानावाला. १४९० मधल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की काही व्यापारी टेम्समधून जहाजानं निघाले होते झीलंडला (आताच्या नेदरलँड्समध्ये), वारा पडला म्हणून किनाऱ्याला थांबले, आणि त्यातला एक जण एका घरी जाऊन ‘एग्ज’ मागायला लागला. घरातली बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. हा भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! मग दुसऱ्यानं ‘आयरन’ मागितलं, तेव्हा बाई म्हणाली, हां, आता कळलं. आयरन म्हणजे लोखंड नव्हे, अंड्यांचाच जुना इंग्रजी शब्द. कॅक्स्टन बिचारा विचारतो की आता छापायचं काय, एग्ज का आयरन? शेवटी टिकला तो व्हायकिंगांचा शब्द.

कधी कधी तर एकच शब्द दोनदा घेतलाय. मिक्सर घेताना दुकानदार सांगतो ना, ‘गॅरंटी नाही ताई, वॉरंटी आहे’, ते दोन्ही मुळात एकच. नॉर्मंडीच्या फ्रेंचमध्ये सुरुवातीला ‘व’ होता, पॅरिसकडे त्याचा ‘ग’ झाला. आधी व-वाला आला, नंतर ग-वाला, दोन्ही ठेवून घेतले आणि मग त्यांना वेगवेगळी कामं दिली. वॉर्डन आणि गार्डियनचंही तेच.

आणि स्पेलिंगचा राग राग करता तेही या उधारीतूनच आलंय. ‘डेट’, म्हणजे कर्ज, त्यात ‘बी’ कशाला असं विचारता. फ्रेंचमधून आला तेव्हा नव्हताच तो बी. पुढे विद्वानांना लॅटिनचं वेड लागलं, मूळ लॅटिन शब्दात ब आहे हे दाखवायला तो घुसवला, उच्चार मात्र कोणी बदलला नाही. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर चक्क चुकून आलाय, तो शब्द अस्सल घरचा, पण फ्रेंचवरून आलेल्या ‘आइल’चा (अर्थ तोच, बेट) नातेवाईक समजून त्यालाही एस चिकटवला.

हे सगळं तिथल्या लोकांना आवडलं असंही नाही. १५५७ मध्ये जॉन चीक नावाच्या पंडितानं पत्रात लिहिलं की आपली भाषा स्वच्छ आणि ‘प्युअर’ ठेवावी, परक्या शब्दांची भेसळ नको. यातला प्युअर फ्रेंचमधून आलेला!

मग हमखास पुढचा प्रश्न, मराठीतून काय गेलं? मुंगूस. इंग्रजी ‘मॉन्गूस’ आपल्याच मुंगसावरून गेलाय. अनेकवचन मात्र ‘मॉन्गीस’ करू नका, दर बॅचला एक जण करतोच. ‘गूस’चं ‘गीस’ होतं कारण तो हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा घरचा शब्द, त्याचे नियमही तेव्हाचे. मुंगूस पार नंतर गेलेलं, शेवटी नुसता एस लावायचा, मॉन्गूसेस.