रश

दुपारी बॅग पुसायला घेतली तर हँडलला मागच्या प्रवासाचा टॅग तसाच. मला ही खोडच आहे, टॅग म्हणून काढायचा नाही. लांबडा कागद कधीतरी आपला आपण फाटतो, पण त्याचे ते छोटे बारकोडचे स्टिकर असतात ना, एक कुशीला, एक बुडाला, ते वर्षानुवर्षं राहतात. नवरा म्हणतो, अगं काढ ते, मशीननं जुनाच बारकोड वाचला तर बॅग जायची भलतीकडे. आता हे एअरलाइनवालेही सांगतात, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. म्हणून शेवटी नखानं खरवडायला बसले आणि वरचा थर निघाल्यावर खाली जाड अक्षरांत दिसलं, 'रश'.

हसायलाच आलं. कारण ही बॅग माझ्यानंतर तिसऱ्या दिवशी पोचली होती. मागं राहिलेली बॅग पुढच्या फ्लाइटनं पाठवताना हा टॅग लावतात, म्हणजे हिला आधी चढवा, हिला घाई आहे. घाई मला होती हो. मला कुणी काही लावलं नाही.

झालं असं की तिकिटात मधल्या मोठ्या विमानतळावर ६५ मिनिटं होती. मी म्हटलं, सिस्टिमनं तिकीट दिलंय म्हणजे जमत असणार. प्रत्येक विमानतळाचा कनेक्शनसाठी कमीत कमी वेळ ठरलेला असतो, त्याच्या आतलं कनेक्शन सिस्टिम एका तिकिटावर देतच नाही. फक्त हा वेळ ज्या कुणाच्या पायांवर बेतलाय त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. आमचं विमान २५ मिनिटं लेट, राहिली ४०. पुढचं गेट २० मिनिटं आधी बंद होणार, राहिली २०. माझी सीट पार मागं, आणि पुढचे सगळे जण वरच्या कप्प्यातून शांतपणे एकेक वस्तू उतरवतायत, त्यात गेली बारा. उरली आठ. आणि आठ मिनिटांत काय, तर परत सिक्युरिटी!

तिथं माझी क्रीमची ट्यूब सापडली. दीडशे मिलीची, पण पिळून पिळून पार पापडासारखी चपटी झालेली, आत दोन बोटांचं क्रीम असेल नसेल. निघताना कुणी हूं की चूं केलं नव्हतं. इथल्या माणसानं ती दोन बोटांत धरून उजेडात बघितली आणि ट्यूबवरचा आकडा मला दाखवला. आत किती आहे ते बघत नाहीत, बाहेर काय छापलंय ते बघतात, शंभरच्या वर नको. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघडकीला आला, तेव्हापासूनचं हे, त्यामुळे चिडायचीही सोय नाही. पण ती ट्यूब डब्यात पडली तेव्हा आवाजसुद्धा आला नाही, इतकी ती रिकामी होती.

लहानपणी दादा आणि मी ॲटलासवर प्रवास करायचो. तो पट्टी ठेवायचा, मी पेन्सिलीनं रेघ मारायची, या शहरातून त्या शहरात, समुद्रबिमुद्र सगळा ओलांडून. पट्टी तोकडी पडली की वही लावायचा. वाटेत उतरायचं असतं हे आमच्या डोक्यातही नव्हतं. जायचंय पूर्वेला म्हणून आधी तासभर पश्चिमेला उडायचं, असं सांगितलं असतं तर दादानं वेड्यात काढलं असतं. हिशेब मात्र कंपन्यांचा बरोबर आहे: १० शहरं एकमेकांना थेट जोडायची तर ४५ मार्ग लागतात, त्यातल्याच एका शहराला मध्ये बसवलं की ९ मध्ये भागतं. अमेरिकेत १९७८ साली विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि तिथं ही पद्धत फोफावली. अशा मधल्या विमानतळाला ‘हब’ म्हणतात, तो शब्दही चाकाचाच. सायकल उघडून बघितलीय त्यांना ठाऊक आहे, आरे कसे चकचकीत असतात आणि सगळा काळा चिकट मळ मधल्या तुंब्यात साठतो. त्या मळात आता आम्ही. त्यातून विमानंही लाटेसारखी येतात, तासाभरात सगळी उतरतात, माणसांची अदलाबदल करून सगळी उडतात. म्हणजे आपण पोचतो तेव्हाच सगळं जग तिथं पोचलेलं असतं, हा आपल्या नशिबाचा भाग नाही, टाइमटेबलचा आहे.

तर मी पळाले. सरकत्या पट्ट्यावर दोघं हातात हात घालून उभे, मागं मी 'एक्सक्यूज मी' म्हणत. स्पीकरवरून माझं नाव ऐकू आलं, म्हणजे माझंच असावं, आडनावाचे तीन तुकडे केले होते. पोचले. आत बसले, दार बंद झालं, आणि विमान पाऊण तास जागचं हललं नाही. पाऊण तास! तेवढ्यात कुणी माझी बॅग हातानं ओढत आणली असती तरी आली असती.

मग तिकडे पट्ट्यापाशी शेवटची बॅग फिरेपर्यंत उभं राहणं, ते पट्टा थांबणं, सगळ्यांना माहितीय. काउंटरवरच्या बाईंनी चित्रांचा तक्ता पुढं केला, यातली तुमची कुठली? आणि मला काही म्हणजे काही आठवेना. काळी, म्हटलं. चाकं आहेत. अजून काही खूण? एवढी वर्षं मी ती ओढत नेतेय आणि खूण सांगता येईना. त्या लिहीत होत्या, मी त्यांच्या पेनाकडे बघत होते.

आज बारकोड सगळे खरवडून काढले. 'रश' मात्र ठेवलंय. परत कुणी विचारलं तर सांगायला एक खूण झाली.