राष्ट्रपतींचं भाषण ऐकून काय मिळतं?

'तुम्ही ते अजून ऐकता?' जानेवारी किंवा ऑगस्ट आला की कुणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. राष्ट्रपतींच्या हातात काही नाही, भाषण म्हणजे योजनांची यादी, वर थोडे थोर पुरुष आणि शेवटी जय हिंद. त्यापेक्षा पद्म पुरस्कारांची नावं बघावीत. जानेवारीत तीही त्याच संध्याकाळी जाहीर होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात भाषणाला कोपऱ्यात ढकलतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट लिहून टाकते.

आधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण निम्मी नाराजी त्यातूनच येते. राष्ट्रपती वर्षाच्या सुरुवातीला दोन वेगळी भाषणं करतात. एक संसदेतलं अभिभाषण. ते राज्यघटनेच्या अनुच्छेद ८७ प्रमाणे होतं: लोकसभेच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनात, दोन्ही सभागृहांपुढे एकत्र. (मूळ घटनेत ते प्रत्येक अधिवेशनाला होतं. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीत कमी केलं. शहाणपणाचं काम.) या भाषणातला शब्द न् शब्द सरकारचा असतो. लग्नपत्रिकेत आमंत्रण आजोबांच्या नावानं जातं, पण हॉल कुठला आणि पंगतीला काय हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं, तसा हा प्रकार.

दुसरं भाषण २५ जानेवारीच्या संध्याकाळी राष्ट्राला उद्देशून केलेलं. तसंच १४ ऑगस्टलाही असतं. आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून हिंदीत, मग इंग्रजीत, आणि रात्री आकाशवाणीच्या प्रादेशिक केंद्रांवरून त्या-त्या भाषेत. घटनेत या भाषणाचा एका ओळीचाही उल्लेख नाही. ती निव्वळ प्रथा आहे. मी ऐकते ते हे भाषण.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना राष्ट्रपतींची जागा स्पष्ट करून ठेवली होती: तो राज्याचा प्रमुख, पण कार्यकारी सत्तेचा नव्हे, तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करत नाही. लोक यातला दुसरा भाग ऐकतात आणि खांदे उडवतात. मला पहिला भाग जास्त अवघड वाटतो. ज्याला निवडणूक जिंकायची नाही, खातं सांभाळायचं नाही, त्यानं राष्ट्राच्या वतीनं बोलायचं म्हणजे नेमकं काय बोलायचं? उत्तर प्रत्येकानं आपापलं शोधलं आहे, आणि काहींनी शोधलेलंच नाही.

के. आर. नारायणन यांनी शोधलं होतं. २५ जानेवारी २०००, प्रजासत्ताकाची पन्नास वर्षं. उदारीकरण, खासगीकरण, जागतिकीकरणाचं कौतुक ऐन भरात होतं. तेव्हा ते म्हणाले की या तीन पदरी वेगवान रस्त्यावर दुबळ्या भारतालाही सुरक्षितपणे रस्ता ओलांडायची सोय हवी. आणि बजावलं की दीर्घकाळ सोसत आलेल्या सहनशील माणसांच्या रागापासून सावध राहा. दोनच दिवसांनी, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये, घटनेचा फेरविचार करायची भाषा सुरू असताना त्यांनी विचारलं, घटनेनं आपल्याला निराश केलं की आपण घटनेला? वाजपेयी सरकार त्या फेरविचारासाठी आयोग नेमायच्या तयारीत होतं. यासाठी सरकारशी भांडण नाही, एकही आदेश अडवलेला नाही, फक्त वाक्यं. ती अजून उद्धृत होतात.

त्याआधी १९९८ च्या ऑगस्टमध्ये तर त्यांनी भाषण केलंच नाही. त्याऐवजी पत्रकार एन. राम यांना मुलाखत दिली आणि ती देशभर प्रसारित झाली. घटनेत नसलेली प्रथा कशीही वाकवता येते हे एका राष्ट्रपतींनी दाखवून दिलं. पुढे ते तसंच चालू राहिलं नाही याची मला अजून हळहळ वाटते. राष्ट्रपतींना प्रश्न विचारले जाताहेत, आणि ते उत्तरं देताहेत, हे दृश्य एकदा तरी पुन्हा बघायला आवडेल.

प्रणव मुखर्जींची धाटणीच वेगळी, मुरलेल्या संसदपटूची. 'सरकार म्हणजे धर्मादाय दुकान नव्हे' हे त्यांचं २०१४ च्या जानेवारीतलं वाक्य गाजलं. दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांचं रस्त्यावरचं धरणं चार-पाच दिवसांपूर्वीच संपलं होतं, त्यामुळे रोख कुणाकडे हे सांगावं लागलं नाही. खरं सांगायचं तर ते मला फारसं धाडसाचं वाटलं नाही. नव्या, छोट्या पक्षाला चार शब्द सुनावणं सोपं असतं. १४ ऑगस्ट २०१५ चं भाषण मात्र वजनदार. पावसाळी अधिवेशन गोंधळात वाहून गेलं होतं, आणि संसद चर्चेऐवजी कुस्तीचा आखाडा झाल्याचं त्यांनी सांगितलं. तो आहेर दोन्ही बाकांना होता.

हल्लीची भाषणं ऐकताना मात्र विचारणाऱ्यांची तक्रार मला पटते. योजनांची यादी लांबत चालली आहे. द्रौपदी मुर्मूंनी २५ जानेवारी २०२५ ला 'एक देश, एक निवडणूक'ची भलामण केली. ते विधेयक तेव्हा संयुक्त समितीपुढे होतं, देशात मतभेद उघड होते. सरकारचं म्हणणं मांडायला अभिभाषण आहेच की, आठवड्याभरात. याच मुर्मू २६ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात लिहिलेला कागद बाजूला ठेवून तुरुंगातल्या गरीब कच्च्या कैद्यांबद्दल हिंदीत बोलल्या होत्या. सगळं सभागृह गप्प होऊन ऐकत होतं. तो आवाज आहे त्यांच्याकडे. २५ जानेवारीला तो कागदाखाली जातो.

मग तरीही का ऐकते? तर संसदेतल्या एका रीतीमुळे. अभिभाषणानंतर दोन्ही सभागृहांत आभारप्रस्ताव येतो आणि खासदार त्याला दुरुस्त्या सुचवतात. साचा साधारण ठरलेला: आभार आहेत, परंतु खेद वाटतो की अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही. ३ मार्च २०१५ ला सीताराम येचुरींची अशी दुरुस्ती, काळा पैसा आणि वरच्या पातळीवरच्या भ्रष्टाचाराबद्दलची, राज्यसभेत ११८ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाली. सरकारवर नामुष्की आली. भाषणात जे नाही त्यावर मतदान होऊ शकतं, ही गोष्ट मला फार आवडते. २५ जानेवारीच्या भाषणाला असा प्रस्ताव नाही, म्हणून माझी दुरुस्ती मी घरीच मांडते. वहीत, एका वाक्यात.

२०२३, २०२४ आणि २०२५, तिन्ही वर्षी माझी दुरुस्ती तीच होती. २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस, कारण १९५० मध्ये याच तारखेला निवडणूक आयोग स्थापन झाला. त्या तिन्ही संध्याकाळी मुंबई आणि पुण्यात एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ मध्ये महापालिकांची मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालत राहिले, प्रशासक कारभार बघत राहिले. अनुच्छेद २४३ यू सांगतो की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर कुठे चाकं हलली. 'परंतु खेद वाटतो की', असं लिहून मी हे वहीत घातलं.

यावर एका वकील मैत्रिणीनं मला झापलं होतं. पालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या, राष्ट्रपतींचा काय संबंध? आणि उद्या राष्ट्रपती प्रत्येक अडलेल्या गोष्टीवर बोलू लागले, तर निवडून आलेल्या सरकारशेजारी दुसरं सत्ताकेंद्र उभं राहील, ते तुला चालेल का? नाही चालणार. थेट लोकांनी न निवडलेल्या माणसानं सरकारशी जाहीर वाद घालावा असं मलाही वाटत नाही. पण अनुच्छेद ६० मधली शपथ घटनेच्या रक्षणाची आहे, आणि २४३ यू त्याच घटनेत आहे. वर्षातून दोनदा, कुणाला न दुखावता, एवढं एक वाक्य बसतं. नारायणन यांनी बसवलं होतं. मैत्रीण अजून मान्य करत नाही.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर दोन्ही भाषणं राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर असतात. शेजारी शेजारी ठेवा, २५ जानेवारीच्या भाषणातली जी वाक्यं अभिभाषणातही खपली असती ती पेन्सिलीनं खोडा, आणि उरलेली मोजा.