ळची मान

दुपारचे पावणेदोन वाजले होते आणि संगणकावर काढलेली अक्षरं कापणारं माझं मशीन नवव्या फेरीवर होतं. लाकूड हे मशीन एका दमात कापत नाही. सुरी तीच वाट पुन्हा पुन्हा गिरवते, दर वेळी केसभर खोल. पाटीवर मूल अक्षर गिरवतं ना, तसं. दीड मिलिमीटरच्या बासवूडला माझ्या सेटिंगमध्ये चौदा फेऱ्या लागतात, आणि तेवढा वेळ घरभर खर्र-खुट, खर्र-खुट चालू राहतं. शेजारच्या खोलीत नवरा मीटिंगमध्ये होता. तो अधूनमधून दार लोटून घ्यायचा आणि ते परत उघडायचं.

मी ओहायोतल्या कोलंबसला राहते आणि दारावरच्या रीथ करते. आपलं तोरण चौकटीला लागतं, रीथ थेट दाराच्या फळीवर. द्राक्षाच्या सुक्या वेलींचं कडं, त्यावर पानं-फुलं-रिबिनी, आणि मधोमध लाकडाची पाटी. वेल आणि फुलं तयार मिळतात, खरं काम पाटीचं. सप्टेंबर ते डिसेंबर हा आमचा सीझन. भोपळे, मग थँक्सगिव्हिंग, मग ख्रिसमस, आणि या सगळ्यांच्या मधून ओहायो स्टेट विद्यापीठाचं फुटबॉल. त्यांचं नाव किंवा चिन्ह परवान्याशिवाय वापरता येत नाही, म्हणून मी नुसत्या त्यांच्या लाल-राखाडी रंगांच्या रिबिनी लावते. ज्याला कळायचं त्याला कळतं. पाट्यांवर बहुतेक आडनावं असतात आणि त्यात दहातली चार गिऱ्हाइकं नको तिथे अपॉस्ट्रॉफी मागतात. आधी समजावून सांगायचे. आता एकदा विचारते आणि मागितलंय ते कापते.

ही ऑर्डर मात्र वेगळी होती. सप्टेंबरात शनिवारच्या बाजारात माझ्या टेबलापाशी साठीच्या आसपासची एक बाई थांबली. तिच्या मुलाचं उन्हाळ्यात लग्न झालेलं, सून भारतीय. सुनेची आई दिवाळीला नाशिकहून येणार होती. ‘त्यांच्या दारावर त्यांच्या भाषेत काहीतरी असावं,’ असं म्हणून तिने फोन पुढे केला. नेटवरून कुठून तरी घेतलेलं चित्र होतं: ‘शुभ दिवाली’. दिवाली, ल ला दीर्घ वेलांटी. आणि ‘दि’ची पहिली वेलांटी द च्या मागे जाऊन व च्या डोक्यावर बसलेली. देवनागरी न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेलेलं अक्षर असंच बाहेर पडतं, अपघातातून उठल्यासारखं.

मी म्हटलं, वेलांटी सरळ करून देते. नाशिक ऐकल्यामुळे ल चा ळ करायचा हे मनातल्या मनात ठरवून टाकलं. तिला काही बोलले नाही. दोन अक्षरांतला फरक तिला काय सांगणार? आपल्याकडे पहिला दिवाळसण जावयाचा, इथे सासू सुनेच्या दारासाठी धडपडतेय, याचंच मला कौतुक वाटत होतं. 85 डॉलर ठरले. शुक्रवारी, 17 ऑक्टोबरला संध्याकाळी सहाला ती न्यायला येणार होती. त्या दिवशी वसुबारस आहे हे मला कॅलेंडर बघितल्यावर कळलं. म्हणजे त्याच दिवशी चकलीची भाजणीही मळायची होती.

आता जरा लाकडाविषयी. बासवूड हे इथलंच झाड. लाकूड फिकट, हलकं, गाठी कमी, नकशीकामाला चांगलं. माझं मशीन जास्तीत जास्त 2.4 मिलिमीटर जाडी कापतं, म्हणून खालची दहा इंची गोल फळी तयार आणते आणि फक्त अक्षरं बासवूडमधून कापून वर चिकटवते. शीट जांभळ्या चिकट मॅटवर दाबायची, चारी कडांना निळी टेप लावायची, रुळावरच्या पांढऱ्या चकत्या उजवीकडे सरकवायच्या, नाहीतर त्या लाकडावर रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या खुणा उमटवतात. अकरा इंचांपेक्षा रुंद काही जात नाही. हे सगळं झोपेतसुद्धा होतं आता.

देवनागरी मात्र मी लाकडात कधी कापली नव्हती. उलट मला वाटलं, हे तर सोपं. इंग्रजी अक्षरं सुटी पडतात, एकेक उचलून पट्टी लावून ओळीत चिकटवावी लागतात. आपल्या शब्दाला शिरोरेषा आहे. अख्खी ‘दिवाळी’ एका तुकड्यात निघणार, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. अक्षर मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप न करता इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं, तिथे वेलांट्या जागच्या जागी बसतात. मग त्याचं रेखाचित्र केलं, सगळे तुकडे एकमेकांत जोडले, फाइल तयार. फाँट घेतला मुक्ता, मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फाँटवाल्यांचा, फुकट मिळतो आणि दिसायला शहाणा आहे.

सकाळी नऊला पहिली शीट लावली. साडेदहाला मॅट बाहेर काढली. शीट सोलायला लागले आणि ‘दिवाळी’ची शिरोरेषा वा आणि ळी च्या मधून कट्ट करून तुटली. उचलावं तर दुसऱ्या ठिकाणी. बिस्किटासारखी. अकरा इंची चौकोनी शीट होती, मी ती कशीही ठेवली होती, आणि लाकडाचे रेषे आले होते वरून खाली. म्हणजे आठ इंच लांबीची, बोटाच्या अर्ध्या रुंदीची शिरोरेषा अख्खी रेष्यांना आडवी. ती तुटणार नाही तर काय होणार? इंग्रजी सुट्या अक्षरांत हा प्रश्न कधी आलाच नव्हता, त्यामुळे बघायची सवयच नाही. शाळेत असताना सांगलीला घराशेजारच्या सुताराकडे तासन्‌तास बसलेली मी! तो फळी हातात आली की आधी रेषा बघायचा, मग पेन्सिल काढायचा. माझी पेन्सिल सॉफ्टवेअरमध्ये आणि रेषा मॅटवर, दोघांची गाठच पडली नाही.

दुसरी शीट आडवी लावली. रेषे शिरोरेषेबरोबर. नऊ फेऱ्या, दहा, बारा. सव्वादोनला चौदावी संपली. मॅट बाहेर काढण्याआधी पातळ पात्याने कोपरा उचलून बघायचा असतो, आरपार गेलंय की नाही. नसेल तर आणखी दोन फेऱ्या मागता येतात. एकदा मॅट बाहेर आली की सुरीला जुनी वाट सापडत नाही. हे मी केलं, तेवढी अक्कल होती. आरपार गेलं होतं. शिरोरेषा पोलादासारखी आली. शुभ आला. दि आला, त्याची वेलांटी आली, वा आला. ळी उचलली आणि ळ मॅटवरच राहिला. दीर्घ वेलांटी आणि दांडा माझ्या हातात, ळ खाली पालथा.

तेव्हा मी पहिल्यांदा ळ नीट बघितला. चाळीस वर्षं लिहितेय. बाकीच्या बहुतेक अक्षरांना दांडा आहे, काना आहे, कुठेतरी भक्कम टेकू आहे. ळ नुसता लटकतो. वरून एक इवलीशी मान येते आणि तिला खाली दोन वाटोळे डोळे टांगलेले. मुक्ता फाँटमध्ये माझ्या मापाला ती मान होती जेमतेम दोन मिलिमीटर. आणि शिरोरेषा सांभाळायची म्हणून रेषे आडवे, म्हणजे ही मान रेष्यांना काटकोनात. सगळं वजन तिथे. हिंदी वळणाच्या ल ला असला त्रास नाही, त्याला बाजूला स्वतःचा दांडा असतो.

एकच शीट उरली होती. आमच्याजवळचं जोअ‍ॅन हे हस्तकलेच्या सामानाचं दुकान बंद झालं. 1943 साली ओहायोतच सुरू झालेली ही दुकानं, 2025च्या मे महिन्यापर्यंत देशभरची सगळी मिटली. आता हस्तकलेचं सामान आणायचं तर जाऊन-येऊन तास मोडतो.

नवरा चहाला बाहेर आला. टेबलावरचे तुकडे बघून म्हणाला, “अगं, मग ल कर ना. तिने ल च मागितलाय.”

“नाशिकची बाई येणार आहे.”

“आमच्या इंदूरला दुकानावर दिवाली लिहितात, घरात दिवाळी म्हणतात. काही बिघडत नाही.”

बिघडत तर नव्हतंच. गिऱ्हाइकाने दिलेल्या चित्रात ल होता, पैसे ल चेच मिळणार होते, फाइल दोन मिनिटांत बदलली असती. दुसरा मार्ग म्हणजे ळ स्टिकरच्या विनाइलमधून कापायचा आणि सोनेरी रंगात खपवायचा. लांबून कळलं नसतं. मी खरंच दहा मिनिटं फाइल उघडून बसले होते, ल टाईप करून बघितलासुद्धा. छान दिसत होता. पण ते वाचताना मला दूरदर्शनवरची बातमी ऐकू यायला लागली. अंगणात पणत्या लावणारं कुणी ते म्हणतंय असं काही ऐकू येईना. खोडला.

मग डोकं लावलं. फाँट बदलून बालू घेतला, तोही त्याच लोकांचा, गुबगुबीत, गोल पोटाचा. त्यात मान आपोआप रुंद झाली. ती आणखी ओढून चार मिलिमीटर केली. ळ चे दोन्ही डोळे मोठे केले, कारण बारीक वळणात सुरी लाकूड उचकटते. आणि शेवटची गोष्ट सुचली ती अशी: मान कितीही जाड केली तरी ती रेष्यांना आडवीच राहणार. पण ळ च्या उजव्या डोळ्याची कड शेजारच्या वेलांटीच्या दांड्यात तीन मिलिमीटर घुसवली, तर तो जोड रेष्यांच्या दिशेने जाईल. मग ळ ने मानेवर कशाला लटकायचं? शेजाऱ्याच्या खांद्याला टेकायचं. सुलेखनवाल्यांनी बघितलं असतं तर नाक मुरडलं असतं. मुरडोत.

सव्वातीनला तिसरी शीट आत गेली. त्या वेळात मी भाजणी मळून ठेवली. हाताला मोहनाचं तेल, त्यामुळे मशीनजवळ जायचं नाही, हे एका परीने बरंच झालं. पाच वाजायला दहा कमी असताना फेऱ्या संपल्या. कोपरा उचलून बघितला. डाव्या डोळ्याखाली तंतू धरून होते, म्हणून दोन फेऱ्या आणखी मागितल्या. मग हात धुतले, पुसले, परत धुतले. या वेळी लाकूड मॅटवरून उचललंच नाही. अख्खी मॅट पालथी केली, लाकूड टेबलावर दाबून धरलं आणि मॅटच वळवत वळवत वर सोलून काढली. हे आधीच करायला हवं होतं. कागदाच्या कामात मी नेहमी करते, लाकूड आलं की काय होतं कोण जाणे.

ळ आला. डोळ्यांतले दोन बारके लंबगोल टेबलावर पडले, तुरीच्या डाळीएवढे.

सोनेरी रंगाचा एक हात दिला, हेअर ड्रायरने वाळवला. खालची फळी आदल्या दिवशीच गर्द लाल रंगवून, भोकं पाडून, तार ओवून तयार होती. गोंद टाइटबाँडचा, हिरव्या लेबलचा, पाण्यापावसाला टिकणारा. ही कंपनी आमच्या कोलंबसातलीच, माझ्या दृष्टीने या गावाने जगाला दिलेली सर्वांत उपयोगी वस्तू. अक्षरं ठेवली, वर मेणकागद, त्यावर फळी, फळीवर क्लॅम्प.

सहाला बेल वाजली. क्लॅम्प अर्धा तास काढता येणार नव्हते. बाईला आत बसवलं, चहा दिला, आणि सोऱ्या टेबलावर होताच म्हणून चकली म्हणजे काय तेही सांगून झालं. साडेसहाला क्लॅम्प सोडले, पाटी झेंडूच्या कापडी फुलांमध्ये तारेने बांधली. तिने फोनमधलं चित्र काढून पाटीशेजारी धरलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. माझ्या पोटात गोळा.

“हे शेवटचं वेगळं आहे,” ती म्हणाली.

बघणारी बाई निघाली! मी सांगितलं, तुमच्या चित्रात हिंदी आहे, नाशिकची माणसं मराठी बोलतात, त्यांचं हे अक्षर. ती थोडा वेळ ळ कडे बघत राहिली, मग म्हणाली, “चष्म्यासारखं दिसतं.” चोवीस तास ओढाताण नको, उद्या संध्याकाळी टांगा, असं बजावून मी तिला वाटेला लावलं. मान दुखत होती, माझी.

पाडव्याला तिचा मेसेज आला, सोबत दाराचा फोटो. सुनेला फार आवडलं म्हणे, पण सुनेला वाचता येत नाही, ती टेक्सासमध्ये मावशीकडे वाढलेली. हे ती मला सप्टेंबरात बोलली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं. वाचलं ते आईने. विमानतळावरून आल्या आल्या, कोट न काढता, दारात उभं राहून, अक्षरांवरून बोट फिरवत. मग त्या काहीतरी मराठीत म्हणाल्या. बाईने सुनेकडून भाषांतर करून घेतलं आणि मला जसंच्या तसं पाठवलं: फुलं खोटी आहेत, पण अक्षर बरोबर आहे.

खाली बाईचा प्रश्न होता. हे चष्म्याचं अक्षर तुम्ही म्हणता कसं? मी इंग्रजीत लिहायला बसले. एल लिहिला, खोडला. आर लिहिला, खोडला. दोन्ही एकत्र लिहून बघितले. शेवटी फोन तोंडाजवळ धरला, दिवाळी, दिवाळी, दिवाळी असं तीनदा म्हटलं आणि आवाजच पाठवून दिला.