237 ने सुरू होणारी गाडी

डेट्रॉइटच्या उत्तरेकडील एका उपनगरात जुन्या मोटारी विकून देणारे शोरूम आहे. तेथे मी गाड्यांची तपासणी करतो. गाडी मालकाचीच राहते. आम्ही ती ठेवून घेतो, तपासतो, तिचे वर्णन लिहितो, गिऱ्हाईक आणतो आणि व्यवहार झाल्यावर ठरलेली दलाली घेतो. या भागातील मराठी माणसे बहुतेक मोटार कंपन्यांत नव्या गाड्यांवर काम करतात. मीही पूर्वी तेच करीत होतो. आता माझ्या हाताखालून जातात त्या गाड्या माझ्या जन्माच्या आधीच्या असतात, आणि त्यांच्या बाबतीत इंजिनापेक्षा कागद अधिक बारकाईने वाचावा लागतो, हे मी या धंद्यात येऊन शिकलो.

गेल्या वसंतात एक बहीण-भाऊ त्यांच्या दिवंगत वडिलांची गाडी घेऊन आले. 1965 सालची पॉन्टिअ‍ॅक, लाल रंग, पांढरे कापडी छत, एकावर एक बसवलेले उभे दिवे, बॉनेटवर हवेच्या तोंडासारखा उंचवटा आणि पुढच्या मडगार्डांवर ‘जीटीओ’ अशी पदके. चार गिअरचा हाती दांडा आणि बॉनेट उघडल्यावर इंजिनावर ओळीने बसवलेले तीन कार्ब्युरेटर. भावाने ते बॉनेट ज्या अभिमानाने उघडले, त्यावरून त्याने मनाशी आकडा ठरवलेला आहे हे माझ्या लक्षात आले. त्याने तो लगेच सांगितलाही: 85,000 डॉलर. जीटीओ म्हणजे त्या कंपनीची मोठ्या इंजिनाची नावाजलेली आवृत्ती; ही गाडी खरी जीटीओ असती, तर हा आकडा अवाजवी नव्हता. कन्व्हर्टिबल गाड्या मुळातच कमी बनत; 1965 साली पंचाहत्तर हजारांवर जीटीओ विकल्या गेल्या, त्यांतल्या जेमतेम 11,000 उघड्या छताच्या होत्या.

अडचण अशी की 1965 ची गाडी जीटीओ आहे की नाही, हे कारखान्याने गाडीला दिलेल्या क्रमांकावरून सांगता येत नाही, आणि त्याचे कारण जीटीओच्या जन्मातच आहे. 1963 च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या विभागांना शर्यतींपासून दूर राहण्याचा हुकूम दिला. मध्यम आकाराच्या गाडीत मोठे इंजिन घालायचे नाही, असाही कंपनीचा दंडक होता. पॉन्टिअ‍ॅक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून पळवाट काढली. दंडक नव्या मॉडेलला लागू होता. जास्तीचे पैसे मोजून घेण्याच्या पर्यायी सामानाकडे कोणी तेवढ्या काटेकोरपणे पाहत नव्हते. म्हणून 1964 च्या टेंपेस्ट लेमान्स या सालस गाडीवर सुमारे 300 डॉलरच्या पर्यायाखाली मोठ्या गाड्यांमधले 389 क्युबिक इंचांचे इंजिन देण्यात आले आणि त्या पर्यायाला फेरारीकडून उचललेले नाव लावले गेले. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी 32,000 हून अधिक खपल्या. अमेरिकेत ज्यांना मसल कार म्हणतात, त्या गाड्यांची लाट येथूनच उसळली असे बहुतेक जाणकार मानतात.

पण जीटीओ हे मॉडेल नसून सामानाची यादी असल्यामुळे, 1964 आणि 1965 सालच्या जीटीओंचा क्रमांक लेमान्सचाच राहिला; 1965 मध्ये तो असा: सुरुवातीला 237, मग कन्व्हर्टिबलसाठी 67, मग वर्षाचा आकडा आणि कारखान्याचे अक्षर. जीटीओला स्वतःचा 242 हा आरंभ मिळाला तो 1966 मध्ये. साठ वर्षांपूर्वी वरिष्ठांची नजर चुकवण्यासाठी केलेली ती युक्ती आज माझ्यासारख्याच्या डोक्याला ताप होऊन बसली आहे, कारण एखाद्याने साध्या लेमान्सवर पदके, बॉनेट आणि इंजिन चढवले, तर क्रमांक त्याला विरोध करीत नाही.

गाडी लिफ्टवर घेतली. प्रथम समाधानाच्या गोष्टी. चासी खरोखरच कन्व्हर्टिबलची होती. छत नसलेल्या गाडीला पीळ पडू नये म्हणून तिच्या चासीचे लांब दांडे चारही बाजूंनी बंद पेटीसारखे केलेले असतात, तर छताच्या गाडीचे एका बाजूने उघडे असतात. म्हणजे ही कोणा उद्योगी माणसाने छत कापून केलेली गाडी नव्हती. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या होत्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांचे तळ खाऊन टाकते, पण ही गाडी हिवाळ्यात बाहेर निघालीच नसावी. छत मिटून जेथे ठेवले जाते त्या खोलगट भागात पाणी साचून डिकीचा पत्रा हमखास कुजतो; तेथे मी लोहचुंबक फिरवून पाहिला, तो सगळीकडे घट्ट चिकटला. छत उचलणाऱ्या तेलाच्या दोन नळकांड्यांपैकी डावे गळत होते. ती दुरुस्ती किरकोळ होती.

मग शंकेच्या गोष्टी सुरू झाल्या. समोरच्या काचेखाली, इंजिनाच्या मागच्या भिंतीवर बॉडीच्या माहितीची लहान पट्टी असते. तिच्यावरचा रंगाचा संकेत लाल नव्हता, निळसर हिरवा होता. याने काही सिद्ध होत नाही, कारण मालक गाड्यांना लाल रंग देतच असतात. गालिचा उचलला, तेव्हा चार गिअरच्या दांड्यासाठी पायाखालच्या पत्र्यात जो उंचवटा असतो तो दिसला, पण त्याच्या कडा हाताने कापलेल्या आणि जोड वेल्डिंगचे होते. ही गाडी कधीतरी ऑटोमॅटिक होती. शेवटी इंजिन. पॉन्टिअ‍ॅकची 326 आणि 389 क्युबिक इंचांची इंजिने बाहेरून पाहता सारखीच दिसतात, त्यामुळे ब्लॉकवरची ठोकलेली अक्षरे वाचणे हाच उपाय. ती पुढच्या तोंडावर, उजव्या हेडच्या खाली असतात आणि रंगाच्या थरांखाली बहुधा वाचता येत नाहीत. आपल्याकडे गाडी नावावर करताना चासी क्रमांकावर कागद धरून त्यावर पेन्सिल घासतात आणि तो ठसा आरटीओत देतात. मी तीच रीत येथे वापरतो आणि आमच्या कार्यशाळेतील माणसांना तिची मोठी गंमत वाटते. ठसा स्वच्छ उठला. इंजिन 389 चेच होते, पण 1965 च्या जीटीओसाठी डब्ल्यूटी, डब्ल्यूएस, वायएस आणि वायआर असे जे चार संकेत होते त्यांपैकी एकही त्यावर नव्हता. ते मोठ्या आकाराच्या पॉन्टिअ‍ॅकमधून काढून आणलेले होते.

एवढ्यावरही मी निकाल दिला नसता. इंजिने बदलली जातात, गिअर बदलले जातात. खऱ्या जीटीओचेही हेच हाल झाल्याचे मी पाहिले आहे. निकाल देणारा कागद एकच असतो. पॉन्टिअ‍ॅक विभागाच्या जुन्या बिलांचे मायक्रोफिल्म ‘पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’ नावाच्या संस्थेकडे आहेत आणि क्रमांक व शुल्क पाठवले की कारखान्यातून गाडी कोणकोणत्या सामानासह बाहेर पडली ते सांगणारी प्रत मिळते. ती आली. लेमान्स कन्व्हर्टिबल, 326 इंजिन, दोन गिअरची ऑटोमॅटिक, निळसर हिरवा रंग. जीटीओच्या पर्यायाची नोंद नव्हती.

दोघांना पुन्हा बोलावले. मृत्युपत्राच्या कामात न्यायालयाने बहिणीला प्रतिनिधी नेमले होते, त्यामुळे सही तिची चालणार होती. बोलत मात्र भाऊ होता. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि मग अगदी शांतपणे म्हणाला, “तुम्ही खोटे काहीच लिहू नका. एवढेच लिहा, की गाडीवर जीटीओची पदके आहेत, इंजिन 389 चे आहे आणि क्रमांक 237 ने सुरू होतो, 1965 च्या जीटीओचा होतो तसाच. यात एक अक्षर तरी खोटे आहे का?”

नव्हते, आणि म्हणूनच तो प्रस्ताव वाईट होता. नवख्या गिऱ्हाइकाने ते वाक्य वाचले असते, 237 हा आकडा कुठेतरी पडताळून पाहिला असता, तो बरोबर निघाला असता आणि त्याने निर्धास्तपणे दुप्पट पैसे मोजले असते. सुटी सुटी खरी वाक्ये एकत्र मांडून खोटी गाडी उभी करण्याचे हे कसब धंद्यात सर्रास वापरले जाते, आणि ते वापरणारे स्वतःला प्रामाणिकच समजतात. मी त्याला विचारले, “कारखान्याचा कागद आहे का असे कोणी विचारले, तर मी काय सांगू?” तो म्हणाला, “मागवलाच नाही म्हणा.” तेव्हा बहिणीने प्रथमच तोंड उघडले. “मागवला आहे, आणि माझ्यासमोर पडला आहे,” एवढेच ती म्हणाली.

तिने गाडीसोबत एक फुगलेली फाइल दिली होती, ती तोवर कोणी उघडली नव्हती. वातावरण निवळावे म्हणून मी ती चाळू लागलो. तिच्यात वडिलांच्या हाताने क्रमवार लावलेल्या पावत्या होत्या: भंगारवाल्याकडून घेतलेले बॉनेट आणि जाळी, दुसऱ्या एका गाडीचा गिअरबॉक्स, इंजिन, तीन कार्ब्युरेटरांचा संच, आणि शेवटी पदके, किमतीसह. पुढे काही पानांवर कोणता बोल्ट किती आवळला याच्या नोंदी होत्या. हा माणूस जन्मभर कारखान्यात काम केलेला होता आणि त्याने घरच्या गॅरेजमध्ये तेच केले होते, जे पॉन्टिअ‍ॅकने 1963 मध्ये केले: लेमान्स घेतली, मोठ्या गाडीचे इंजिन तिच्यात बसवले आणि वर जीटीओ लिहिले. कारखान्याच्या पदकातही चोख सत्य नव्हतेच, त्यावर 6.5 लीटर असे कोरलेले असे, पण 389 क्युबिक इंच म्हणजे सुमारे 6.4 लीटर. तरीही एकाचे काम अस्सल ठरते आणि दुसऱ्याचे नक्कल, आणि बाजारभावात जवळजवळ निम्म्याचा फरक पडतो. मला यात अन्याय वाटत नाही. घेणारा जे मोजतो ते त्या वर्षी, त्या कारखान्यातून, त्या रूपात बाहेर पडल्याबद्दल मोजतो, आणि ते मागाहून कितीही चांगल्या हातांनी करता येत नाही.

भावाचा प्रश्न मात्र वेगळाच होता. “मग त्यांनी आम्हाला सांगितले का नाही?” बहिणीचे म्हणणे असे, की वडील कधीच जीटीओ म्हणत नसत, नेहमी ‘माझी पॉन्टिअ‍ॅक’ म्हणत. भावाला ते आठवत नव्हते. त्या वादात पडणे हे माझे काम नव्हते.

वर्णन मी असे लिहिले: 1965 पॉन्टिअ‍ॅक लेमान्स कन्व्हर्टिबल, मालकाने जीटीओच्या धर्तीवर घडवलेली. कारखान्याची बिलाची प्रत पहिल्या छायाचित्रानंतर लगेच आणि पावत्या त्यानंतर. अशा गाडीला बाजारात क्लोन म्हणतात. विकणाऱ्यांना ट्रिब्यूट हा शब्द अधिक आवडतो. मी दोन्ही टाळून काय केले आहे ते सरळ सांगितले. किंमत 49,000 डॉलर ठेवली. भावाला ती अपमानास्पद वाटली. आमच्या मालकांनी त्याला सांगितले की गाडी दुसरीकडे न्यायची असेल तर तपासणीचा खर्च आम्ही घेणार नाही, पण कागद आता अस्तित्वात आहे आणि माहीत असलेली गोष्ट दडवली तर विकणारा पुढे न्यायालयात उभा राहतो. गाडी राहिली.

दूरध्वनी अपेक्षेपेक्षा लवकर येऊ लागले. निम्मे लोक घासाघीस करणारे होते, काहींनी गाडी पुढे जीटीओ म्हणून विकण्याच्या इराद्याने चौकशी केली. तो इरादा प्रश्नांवरून कळतो, कारण असा माणूस गाडीपेक्षा बिलाच्या प्रतीबद्दल अधिक विचारतो आणि ती मूळ आहे की नक्कल याची खात्री करून घेतो. शेवटी ओहायोतील टोलीडोहून एक निवृत्त शिक्षक पत्नीसह आले. त्यांनी खऱ्या जीटीओ पाहिल्या होत्या. त्या घेतल्या तर किराणा दुकानासमोर उभ्या करण्याचेही धाडस होणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी गाडी वुडवर्ड अव्हेन्यूवर चालवली; पॉन्टिअ‍ॅक शहरापर्यंत जाणारा हा रस्ता साठच्या दशकात याच गाड्यांच्या रात्रीच्या शर्यतींसाठी ओळखला जात असे आणि आता दर ऑगस्टमध्ये तेथे जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. परत आल्यावर त्यांनी दुसरा गिअर जड जातो असे सांगितले, जे खरे होते, पावत्यांची फाइल अर्धा तास वाचली आणि 46,500 ला व्यवहार ठरला. फाइल गाडीसोबत मिळेल ना, हे त्यांनी किमतीच्याही आधी विचारले होते.

सहीला बहीण एकटीच आली. न्यायालयाचे अधिकारपत्र, मालकीचा कागद, दोन सह्या, एवढ्यात काम झाले. बिलाच्या प्रतीची आणखी एक प्रत तिने भावासाठी मागून घेतली. तो वाचेल की नाही याची खात्री तिलाही नव्हती.

काही दिवसांनी टोलीडोहून विमा प्रतिनिधीचा दूरध्वनी आला. गाडीचे छायाचित्र पाहून त्याने पॉलिसीत जीटीओ असे भरले होते आणि नवे मालक ते बदलायला सांगत होते. असे उलट सांगणारे गिऱ्हाईक त्याला पूर्वी भेटले नव्हते, म्हणून खातरजमा करीत होता. मी त्याला बिलाची प्रत पाठवली आणि विमा लेमान्सच्या नावाने 46,500 च्या ठरीव मूल्यावर उतरवला गेला.