तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्याच रेसला हरल्या, मग एवढ्या लांब जाऊन मिळालं काय?

लेकीची शाळेची रोइंग टीम हेन्लीहून परत आल्यापासून नाशिकहून कुणाचाही फोन आला, मावशी असो, काका असो, की शेवटी गाडी तिथेच येते, की फिलाडेल्फियाहून पार इंग्लंडला एवढा खर्च करून पोरी गेल्या, एकच रेस खेळल्या, हरल्या, मग मिळालं काय? मायेनेच विचारतात, म्हणून एकदा नीटच सांगते.

हेन्ली रॉयल रेगाटा 1839 पासून चालू आहे, थेम्स नदीवर, आणि सगळी नॉकआउट. एका वेळी दोनच बोटी, जिंकली ती पुढे, हरली ती घरी, तिसऱ्या नंबरचं मेडल वगैरे काही नाही. म्हणजे प्रत्येक गटात एक बोट सोडली तर बाकी सगळ्या हरूनच घरी जातात. इथे आमच्या स्कूकिल नदीवर शाळांच्या रेस 1500 मीटरच्या असतात, तिथे 2112 मीटर आणि तेही प्रवाहाच्या उलट. शिवाय शाळकरी मुलांच्या एटसाठी, म्हणजे आठ जण वल्हवतात त्या बोटीसाठी, तिथे 1946 पासून कप आहे, मुलींच्या एटसाठी ट्रॉफी सुरू झाली ती 2021 मध्ये. आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये तेरावा आला तेव्हा त्या तेराव्या नंबरचं आपल्या घरात केवढं कौतुक झालं होतं, आठवतंय ना?

आणि हो, बोट विमानातून नेत नाहीत, सतरा-अठरा मीटरची असते ती, तिथेच भाड्याने घेतात. रेस संपल्यावर ती परत द्यायची म्हणजे आधी डीरिग करायची, म्हणजे दहाचा पाना घेऊन रिगरचा, वल्ह्याला आधार देणाऱ्या बाहेरच्या सांगाड्याचा, एकेक नट सोडवायचा, वॉशर हरवू नये म्हणून नट परत बोल्टवर फिरवून ठेवायचा, मग टॉवेलने बोट पुसून काढायची. पोरी रडल्या त्या तेव्हा. फिनिशला नाही, तिथे तर श्वासच घेता येत नव्हता त्यांना. मी लेकीला म्हटलं, अगं चांगल्या खेळलात की, दोन बोटींच्या लांबीनेच तर मागे होतात, तर ती म्हणाली, आई, हरलो म्हणून नाही गं, ही बोट आता परत नाही.

बोट म्हणजे ती भाड्याची नाही, या आठ जणी आणि कॉक्स, म्हणजे वल्हं न मारता बोट वळवणारी, माइकवरून सूचना देणारी. इथे शाळा जूनमध्येच संपते, सीनियर पोरींचं ग्रॅज्युएशन आधीच झालं होतं, फक्त या रेससाठी त्या रोज पहाटे पाण्यावर येत होत्या. आता कुणी विस्कॉन्सिनला चाललीय, एकीने तर रोइंगच सोडायचं ठरवलंय. वर्षभर एकाच लयीत वल्हं मारणाऱ्या पोरी, पुढचीच्या पाठीकडे बघून तिचा श्वास कधी सुटतो ते कळणाऱ्या, त्या घरी पोचल्या की टीम संपली.

हीथ्रोला चेक-इनच्या रांगेत बघितलं तर सगळ्या सीटच्या क्रमाने उभ्या, बोपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या सीटपासून, स्ट्रोकपर्यंत, म्हणजे लय ठरवणाऱ्या मागच्या टोकाच्या सीटपर्यंत, कुणी सांगितलं नव्हतं. कॉक्सने तिचा माइकचा डबा हातातल्या बॅगेत ठेवलेला, सिक्युरिटीवाल्याने तो उघडून विचारलं हे काय, तर नऊच्या नऊ जणी एकदम समजवायला लागल्या, तो बिचारा हसायलाच लागला. हरून आलेल्या पोरी अशा दिसतात का, सांगा बरं. मला तर वाटतं, जिंकून एखाद्या दिवसाने उशिरा आल्या असत्या तरी परतीचा प्रवास याहून वेगळा झाला नसता.

फिलाडेल्फियाला उतरल्यावर बॅगा आल्या तरी कुणी हलेना. आईबाप पार्किंगचे पैसे मोजत उभे, आम्हीही घाई केली नाही, करवलीच नाही.

तिच्या तळहातावरचे घट्टे अजून तसेच आहेत, मी क्रीम लावायला गेले की हात मागे घेते, मऊ पडले तर सप्टेंबरमध्ये परत फोड येतील म्हणते. तेव्हा नवीन बोट ठरेल, दोन पोरींची अदलाबदल करून पुन्हा पुन्हा रेस लावतात आणि कोण बसल्यावर बोट जास्त पळते ते बघतात, त्याला सीट रेसिंग म्हणतात. यंदा ती तीन नंबरला होती, आता तिला स्ट्रोकला बसायचंय. पुढच्या फोनला तिला याबद्दल विचारा, मावशी, आणि वेळ काढून बसा, कारण ती तासभर तरी सोडणार नाही.