जनेल!

दर मंगळवारी गोव्यात, डिचोलीतल्या एका मराठी शाळेत, वाचनात मागे पडलेल्या मुलांशेजारी जाऊन बसते. शिकवते म्हणणं जास्तच होईल.

आज तिसरीतली एक पोर 'खिडकी'पाशी अडली. अक्षराखाली बोट. ख... खि... ड... मग हळूच चित्राकडे नजर आणि ठसक्यात, "जनेल!"

आता चूक कशी म्हणू? घरात कोंकणी, तिथे खिडकीला जनेलच म्हणतात, पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला शब्द. अर्थ तिला कळला होता, अक्षरं तेवढी राहिली होती. 'पाऊस'ही ती 'पावस'च वाचते. म्हटलं, "जनेल बरोबर गो बाय, पूण हांगा कितें बरयलां तें वाच." पुन्हा बोट, पुन्हा ख. चौथ्या खेपेला 'खिडकी' सुटली एकदाची.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी १९६३ नंतर गावोगावी शाळा काढल्या, तशाच एकीत मीही अशीच अडखळायचे. बाईंना तेव्हा पट्टी जवळची होती, हे वेगळं.

पुढच्या पानावरचा बारीक टाइप मात्र मलाच दिसेना. चष्मा घरी. पोर माझ्याकडे बघत राहिली, मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आज्ये, तुका वाचूंक येना?"