फाब्रिकेतली माझी तीन वर्षं

मी मूळचा वसईचा. बँकेच्या नोकरीने गोव्यातल्या साष्टीत आणलं आणि इथेच राहिलो. पाद्र विगारांनी, म्हणजे इथल्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूंनी, चर्चच्या वित्त समितीत यायला सांगितलं (जुनी माणसं अजून तिला फाब्रिकाच म्हणतात), तेव्हा मला काळजी होती ती भाषेची. मी मराठी मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकत वाढलेला आणि इथलं इतिवृत्त रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत. ते सरावाने जमलं. हिशेबाची तर भीतीच नव्हती.

मी अडलो भलत्याच ठिकाणी. मे महिना संपत आला होता, वेदीमागच्या खोलीची कौलं गळत होती आणि पैसे अपुरे. दफनभूमीच्या भिंतीसाठी एका आंटीने दिलेली रक्कम मात्र तशीच पडून होती. मी म्हटलं, सध्या ती वापरू, पावसाळ्यानंतर भरून काढू. बहुतेकांनी माना डोलावल्या. जहाजावरून निवृत्त झालेले एक अंकल शेवटपर्यंत गप्प होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘त्या पाकिटावर काय लिहिलंय?’’

मला राग आला. ‘‘पाऊस पाकीट वाचून पडतो का?’’ असं मी सगळ्यांदेखत त्यांना म्हणालो. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. घरी येऊन कॅथलिक चर्चची १९८३ची धर्मसंहिता उघडली. कलम १२६७ : ज्या कारणासाठी दान दिलं, त्याच कारणासाठी ते वापरायचं. अंकलना हे ठाऊक होतं, पण कलमाचा आकडा त्यांनी माझ्या तोंडावर फेकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांची माफी मागितली. ते मला आंटींकडे घेऊन गेले. आंटी म्हणाल्या, ‘‘पावसांत गोरवां भितर सरतात.’’ नवऱ्याच्या थडग्यावर गुरं चालतात, हे त्यांना बघवत नव्हतं. भिंतच झाली. खोलीवर पावसाळाभर ताडपत्री राहिली, खाली बादल्या. रविवारी मिस्सेनंतर आम्ही सगळा जमाखर्च लोकांना वाचून दाखवला, आणि कौलांचे पैसे ऑक्टोबरपर्यंत उभे राहिले.

याहून जड गेलं ते तोंड बंद ठेवणं. कोणी किती दिलं, गरिबांच्या निधीतून कोणाला मदत गेली, हे बायकोलाही सांगायचं नाही. शिवाय आपण फक्त सल्ला देतो, अखेरचा निर्णय विगारांचा. एकदा माझा सल्ला मानला गेला नाही. चर्चच्या दारात लोक जाब विचारू लागले. ‘मी विरोध केला होता’ हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळून मी निर्णयामागची कारणं समजावून सांगितली. त्या रात्री झोप लागली नाही, हे खरं.

मुदत संपताना विगारांनी नवी नावं विचारली. मी आमच्या वाड्यावर बचतगट चालवणाऱ्या एका ताईंचं नाव दिलं. भांडणात दोन्ही बाजूंचं शेवटपर्यंत ऐकून घेताना मी त्यांना पाहिलं होतं. त्या घाबरल्या, ‘‘पण मला चर्चचे हिशेब कुठे येतात?’’

म्हटलं, ते मी शिकवतो, रविवारी वही घेऊन येतो.